बागेतला वारा आणि ओढणारा पतंग

चौदा जानेवारीच्या सकाळी, ज्या सणाला आपण घरात संक्रांत म्हणतो आणि गच्चीवर उत्तरायण, त्या दिवशी बडोद्यात एक गोष्ट हमखास घडते. कन्नी बांधून, फिरकी भरून मुले सूर्योदयालाच गच्चीवर हजर असतात आणि वारा मात्र नसतो. हिवाळ्याच्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होते, आणि हा जड थर वरच्या वाहत्या वाऱ्याशी जणू संबंध तोडून जमिनीवर पडून राहतो. उन्हाने जमीन तापू लागली की हवेचे तापलेले बुडबुडे वर चढतात, त्यांची जागा घ्यायला वरची वेगवान हवा खाली येते, आणि नऊ-दहाच्या सुमारास अचानक ‘वारा सुटला’ असा गलका होतो. अर्थात, तो वारा सलग नसतो. खाली उतरणाऱ्या हवेबरोबर झोत येतो आणि वर चढणाऱ्या हवेच्या जागी तो पडतो.

अशा वाऱ्यात गच्चीवरचे पतंग मजेत उडत असताना, त्याच दिवशी बागेच्या हिरवळीवर कोणी ओढणारा पतंग उघडला तर तो वारंवार कोसळतो. या विरोधाभासाचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ते कळले की बागेतला वारा लहरी वाटेनासा होतो.

ओढणारा पतंग म्हणजे कामट्या नसलेला, पातळ कापडाचा, दोन किंवा चार दोऱ्यांनी वळवता येणारा पतंग. पुढच्या कडेच्या तोंडांतून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. त्याच्या ओढीवर माणूस चाकांच्या फळीवरून किंवा तीनचाकी गाडीतून जमिनीवर धावतो. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील जॉर्ज पोकॉक या शिक्षकाने 1826 साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते, आणि आजच्या तीनचाकी गाडीला न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी 1990 च्या सुमारास लोकप्रिय केले. पण हा खेळ मुळात रुंद, सपाट समुद्रकिनाऱ्यांचा आहे, जिथे वारा पाण्यावरून विनाअडथळा येतो. समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या शहरात त्याच्या वाट्याला झाडांनी वेढलेले मैदान येते.

सयाजीराव गायकवाडांनी 1879 साली विश्वामित्रीच्या काठी उभारलेल्या कमाटीबागेचेच उदाहरण घेऊ. तिथली जुनी, उंच झाडे हेच तिचे वैभव. पतंगाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक झाड हा वाऱ्याच्या प्रवाहातला खडक आहे. नदीत खडकाच्या मागे जसे भोवरे दूरवर जातात, तसे हवेतही जातात. अभियंत्यांचा ठोकताळा असा, की अडथळ्याच्या उंचीच्या सुमारे वीसपट अंतरापर्यंत आणि दुप्पट उंचीपर्यंत हवा ढवळलेली राहते. म्हणजे 15 मीटर उंच झाडांच्या रांगेमागे 300 मीटरपर्यंत, आणि जमिनीपासून 30 मीटर उंचीपर्यंत. ओढणाऱ्या पतंगाच्या दोऱ्या साधारण 20 ते 25 मीटरच्या असतात. तो कितीही कौशल्याने उडवला तरी त्या ढवळलेल्या थरातच अडकलेला असतो, तर गच्चीवरचा कागदी पतंग शेकडो फूट दोरी घेऊन त्या थराच्या वर निघून जातो.

शिवाय दोघांचा स्वभावही वेगळा आहे. आपल्या कागदी पतंगाची कमान खेच दिली की वाकते, तिला दोन्ही बाजूंनी बाक येतो आणि पतंग सरळ जातो. ढील दिली की तो सपाट होऊन गिरक्या घेतो. पेच लढवणारा माणूस याच अस्थिरतेचा उपयोग करतो, त्यामुळे दोरी क्षणभर सैल पडणे त्याच्या दृष्टीने संकट नसते. कापडी पंख मात्र आतल्या हवेच्या दाबावर उभा असतो. झोत आला की तो पुढे झेपावून डोक्यावरून पलीकडे जातो आणि लगेच वारा पडला तर दोऱ्या सैल होऊन चुरगळतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला 5 मीटर असताना भोवऱ्यात 1 मीटर वेगाचा उभा प्रवाह मिसळला, तरी पंखाशी होणारा वाऱ्याचा कोन सुमारे 11 अंशांनी बदलतो, आणि एवढा बदल पंखाची उचल बिघडवायला पुरेसा असतो.

कोसळणे त्रासदायक आहे. धोका मात्र उलट बाजूने येतो. पतंगावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. तीन चौरस मीटरचा पतंग ताशी 18 किलोमीटर वाऱ्यात जवळपास स्थिर असेल, तर ठोकळ हिशेबाने साडेचार किलो वजनाइतकी ओढ देतो. ताशी 36 किलोमीटरच्या झोतात ती 18 किलो होते. तोच पतंग वाऱ्याला आडवा, वाऱ्याच्या तिप्पट वेगाने सरकत असेल तर त्याला जाणवणारा वारा तिपटीहून थोडा जास्त असतो आणि ओढ सुमारे दहापट होते. म्हणजे साध्या वाऱ्यात 45 किलो, झोतात 180. म्हणून मनगटाला बांधलेला सुरक्षेचा पट्टा मी ऐच्छिक मानत नाही. चार दोऱ्यांच्या पतंगात मुठी सोडल्या की हा पट्टा मागच्या कडेच्या दोऱ्या धरून ठेवतो आणि पंख निवांतपणे मागे सरकत जमिनीवर येतो. अशा मैदानात सरासरी वाऱ्यापेक्षा झोताचा विचार करून लहान पतंग निवडावा लागतो, आणि माणसे जवळ असतील तर तो उघडूच नये.

जागा निवडताना वारा येतो त्या बाजूला सर्वांत लांब मोकळी जमीन शोधावी. जानेवारीत इथे वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून येतो, पावसाळ्याच्या तोंडावर नैर्ऋत्येकडून. म्हणून एकाच मैदानाचा चांगला कोपरा ऋतूनुसार बदलतो. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वारा ताशी 12 ते 19 किलोमीटर समजावा. धूळ आणि कागद उडू लागले तर तो 20 च्या पुढे गेलेला असतो, आणि झाडांमध्ये झोत याहून जोरदार असतात.

वेळ मात्र दुपारची घेऊ नये, कारण तेव्हा तापलेली हवा सर्वाधिक उसळत असते. ऊन उतरल्यावर ही उसळी शमते, वरचा वारा अजून खाली पोचत असतो आणि सूर्यास्ताच्या आधी काही काळ वारा सलग लागतो. त्यानंतर जमीन पुन्हा थंड होऊ लागते, आणि गच्चीवर तुक्कल चढवणारी मंडळी कंदील दोरीला बांधतात तोपर्यंत बागेतल्या गवतावरची हवा निश्चल झालेली असते.