ऑनर्स विथ रिसर्च : सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि आराखड्याची तयारी

महाराष्ट्रात नवीन शैक्षणिक धोरण पदवीला लागू झालं ते स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. त्यामुळे चौथ्या वर्षाची पहिली तुकडी स्वायत्त महाविद्यालयांत २०२६-२७ मध्ये बसते, संलग्न महाविद्यालयांत त्यानंतरच्या वर्षी. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल घेतलेली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : फॉर्म कधी सुटणार आणि कागदपत्रं काय लागणार? कागदपत्रांची यादी खाली आहे, तारखा विद्यापीठाच्या परिपत्रकात येतात. पण फॉर्मसोबत जो संशोधन आराखडा जोडावा लागतो, त्याची तयारी फॉर्म सुटल्यावर सुरू केली तर उशीर झालेला असतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग आराखड्यावर आहे.

पात्रता

चौथ्या वर्षाला दोन वाटा आहेत. एक साधी ऑनर्स, दुसरी ऑनर्स विथ रिसर्च. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार संशोधनाच्या वाटेला जायचं तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण हवेत. राज्याच्या आराखड्यात हीच अट ७.५ सीजीपीए (सगळ्या सत्रांचे मिळून सरासरी श्रेणीगुण) अशीही दिली आहे. सहावं सत्र एकट्याने चांगलं गेलं म्हणून भागत नाही. सहाही सत्रांची गोळाबेरीज धरली जाते. त्यामुळे दुसऱ्या वर्षात असलेल्यांनी आपला सीजीपीए आत्ताच काढून बघावा.

संशोधन प्रकल्प १२ क्रेडिटचा असतो आणि तो मेजर म्हणजे मुख्य विषयातच करावा लागतो. मेजर राज्यशास्त्र आणि मायनर मानसशास्त्र असेल तर प्रकल्प राज्यशास्त्राचाच. संशोधनाची वाट न घेणारे विद्यार्थी त्या १२ क्रेडिटच्या जागी जादा पेपर घेतात आणि त्यांनाही ऑनर्सचीच पदवी मिळते. तिच्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. संशोधनाची आवड नसताना केवळ ‘रिसर्च’ हा शब्द पदवीवर यावा म्हणून आलेली मुलं आठव्या सत्रात फार हाल काढतात.

आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्या. आपल्या महाविद्यालयाच्या त्या विभागाला ऑनर्स विथ रिसर्च चालवायची मान्यता आहे का? पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक, ग्रंथालय, नियतकालिकं या सोयींवर ती अवलंबून असते. मान्यता नसेल तर चौथ्या वर्षासाठी महाविद्यालय बदलावं लागतं आणि मग स्थलांतराची कागदपत्रंही लागतात.

कागदपत्रं

साधारणपणे मागितली जाणारी यादी अशी : सहाही सत्रांची गुणपत्रकं, तिसऱ्या वर्षाचं उत्तीर्ण असल्याचं प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचं आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, अपार किंवा एबीसी आयडी (मिळवलेली क्रेडिट जमा होतात त्या डिजिटल खात्याचा क्रमांक), मार्गदर्शकाचं संमतीपत्र, सिनॉप्सिस म्हणजेच संशोधन आराखडा, मूळ लेखनाचं स्वयंघोषणापत्र, आणि माणसांकडून माहिती गोळा करणार असाल तर नैतिकता समितीचा किंवा विभागीय समितीचा अर्ज. त्या अर्जाला प्रश्नावली आणि संमतीपत्राचा मसुदा जोडायचा असतो. नेमका नमुना आणि तारखा विद्यापीठाच्या परिपत्रकात येतात, तो शेवटचा आधार.

एबीसी आयडीत नाव, जन्मतारीख आणि आधारवरची माहिती जुळत नसेल तर सहाव्या सत्राआधीच दुरुस्त करून घ्या. हे काम ऐन प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही.

यादीत मार्गदर्शकाचं संमतीपत्र आणि सिनॉप्सिस ही दोनच अशी कागदपत्रं आहेत जी कुठल्याही कार्यालयातून मिळत नाहीत. ती विचार करून तयार करावी लागतात.

आराखडा कधी सुरू करायचा

संशोधन पद्धतीचा पेपर सातव्या सत्रात येतो, आणि सिनॉप्सिसही त्याच सत्राच्या सुरुवातीला मागतात. म्हणजे नमुना निवड कशी करायची हे वर्गात शिकवायच्या आधीच ती कागदावर लिहून द्यायची असते. ही रचनेतली अडचण आहे, मुलांची चूक नाही. तिच्यावर उपाय एकच : पाचव्या-सहाव्या सत्रात तयारी. मी मार्गदर्शन करताना सहाव्या सत्रातच मुलांना एक पान लिहायला सांगतो. त्यात तीनच गोष्टी : मला काय कळून घ्यायचंय, ते कोणाला विचारल्यावर कळेल, आणि ते लोक मला का सांगतील. तिसऱ्या प्रश्नापाशी बहुतेक विषय अडखळतात. तिथे अडखळलेलं बरं, कारण तेव्हा विषय बदलायला वेळ असतो.

टॉपिकपासून प्रश्नापर्यंत

चालू घडामोडींवर संशोधन म्हटलं की येणारे विषय ओळखीचे असतात. सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम, महिला सक्षमीकरण, बेरोजगारी. हे विषय आहेत, प्रश्न नाहीत. समितीत बसणारे प्राध्यापक असा सिनॉप्सिस परत पाठवतात तेव्हा विद्यार्थ्याला वाटतं की विषय आवडला नाही. खरं तर त्यात संशोधन करता येईल असं काही पकडलेलंच नसतं.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, महिन्याला १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात. एखादी विद्यार्थिनी लिहून आणते, ‘लाडकी बहीण योजनेचा महिलांवर होणारा परिणाम’. परिणाम कशावर? खर्चावर, बचतीवर, घरातल्या शब्दाच्या वजनावर, मतदानावर? आणि कशाच्या तुलनेत? योजना येण्याआधीची मोजणी आपल्याकडे नाही. ज्यांना पैसे मिळत नाहीत अशा बायका बहुधा उत्पन्नाने किंवा वयाने वेगळ्या असतात, त्यामुळे त्यांच्याशी तुलनाही सरळ होत नाही. एका विद्यार्थिनीला एका वर्षात ‘परिणाम’ सिद्ध करता येणार नाही, हे सुरुवातीलाच मान्य केलं की पुढचं काम सोपं होतं.

तोच विषय असा वळवता येतो : एका प्रभागातल्या लाभार्थी बायकांच्या खात्यात आलेली रक्कम कोण काढतं, ती कशावर खर्च करायची हे कोण ठरवतं, आणि स्वतःची वेगळी कमाई असलेल्या व नसलेल्या बायकांत याबाबत काही फरक दिसतो का? आता कोणाला भेटायचं, काय विचारायचं आणि कोणाची कोणाशी तुलना करायची हे ठरलं. सिनॉप्सिसमधले ‘उद्दिष्टं’, ‘व्याप्ती’ आणि ‘मर्यादा’ हे रकाने यातून आपोआप भरतात.

याच उदाहरणात एक धोकाही आहे. पात्रतेची पडताळणी सुरू असताना कोणी घरी येऊन उत्पन्न विचारलं तर बाईला वाटणार की हप्ता बंद करायला माणूस आलाय. ती उत्पन्न कमी सांगेल किंवा बोलणारच नाही. म्हणून उत्पन्नाचा प्रश्न शेवटी ठेवायचा, किंवा त्याऐवजी घर, वाहन, कामाचे दिवस असं विचारायचं. नवरा शेजारी बसलेला असेल तर ‘पैसे कोण खर्च करतं’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळणार नाही. मुलाखत कुठे आणि कोणत्या वेळी घ्यायची हेही आराखड्यात लिहा. समिती हे वाचते तेव्हा तिला कळतं की विद्यार्थिनी तिथे जाऊन आलेली आहे.

किती लोक पुरेत?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि ‘शंभर’ असं उत्तर लिहून टाकतात. हिशेब करा. प्रकल्प १२ क्रेडिटचा, एका क्रेडिटला प्रत्यक्ष कामाचे ३० तास, म्हणजे एकूण ३६० तास. वाचन, लेखन, दुरुस्त्या, सादरीकरण यांना त्यातले निम्म्याहून अधिक जातात. पाऊण तासाच्या २० मुलाखती म्हणजे १५ तासांचं रेकॉर्डिंग, आणि एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवून काढायला सहज ४ ते ६ तास लागतात. म्हणजे नुसतं उतरवायलाच ६० ते ९० तास. सखोल मुलाखती असतील तर १५ ते २० ही प्रामाणिक संख्या आहे.

टक्केवारी काढून ती पूर्ण गावाला किंवा शहराला लावायची असेल तर गणित वेगळं. मोठ्या लोकसंख्येसाठी ९५ टक्के विश्वास पातळी आणि ५ टक्के चूक धरली तर ३८४ जण लागतात. चूक १० टक्के चालत असेल तर ९६ पुरतात. पण हे आकडे यादृच्छिक निवडीसाठीच खरे. मैत्रिणींच्या ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून ३८४ उत्तरं आणली तरी ती त्या ग्रुपचीच उत्तरं राहतात. तसं केलं असेल तर ‘सोयीचा नमुना’ असं स्पष्ट लिहा. त्यात लाज नाही. लपवलं तर तोंडी परीक्षेत पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं.

क्षेत्रात न जाताही चांगला प्रकल्प होतो, आणि हा पर्याय आपल्याकडे फार कमी मुलं निवडतात. आवर्ती श्रमबल सर्वेक्षण २०१७-१८ पासून सुरू आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ ची आहे, घरगुती उपभोग खर्चाचं सर्वेक्षण २०२२-२३ आणि २०२३-२४ चं आहे. सांख्यिकी मंत्रालयाच्या सर्वेक्षणांची मूळ आकडेवारी संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत घेता येते. जनगणना मात्र २०११ चीच हाती आहे. गावाची लोकसंख्या त्यातून घेताना वर्ष लिहायला विसरू नका.

आपल्याच भागात आधी कोणी पाहणी केली आहे का हेही शोधा. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली होती. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले आणि कर्ज किती होतं हे त्यात आहे. आज तिथे इमारती उभ्या आहेत. अशी जुनी नोंद सापडली की तुलनेचा अर्धा प्रश्न सुटतो.

परवानग्या आणि माहितीचा अधिकार

महाविद्यालयाचं ओळखपत्र खिशात आहे म्हणून शाळेत जाऊन मुलांना प्रश्न विचारता येत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी मुख्याध्यापकांसोबत शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं, गावात घरोघरी फिरायचं तर ग्रामपंचायतीला लेखी कळवलेलं बरं. प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन जा, त्यात विषय, कालावधी आणि मार्गदर्शकाचं नाव असू द्या, आणि आवक क्रमांक टाकलेली पोच न विसरता घ्या. पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा.

सरकारी आकडे हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. त्यात लाभार्थ्यांची नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जाईल. वर्षनिहाय, प्रभागनिहाय संख्या मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, म्हणजे त्यातही आणखी वेळ. सातव्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकला तरच ही माहिती प्रकरणात बसते.

संमतीपत्र

संमतीपत्र सोप्या मराठीत लिहा, आणि ते वाचून दाखवा. कोण विचारतंय, कशासाठी, किती वेळ लागेल, रेकॉर्डिंग होणार का, मधेच थांबता येईल का, नाव कुठे येईल का. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घेताना साक्षीदार असू द्या. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती हवीच, आणि मुलाने स्वतःही हो म्हटलेलं हवं.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नाही. ‘अमुक गावची महिला सरपंच’ असं लिहिलं तर नाव न घालताही सगळ्या तालुक्याला कळतं कोण ते. छोट्या गावातल्या अभ्यासात पद, जात आणि वय एकत्र छापताना दहादा विचार करा. ज्या बाईने तुम्हाला घरात बसवून चहा दिला आणि मनातलं सांगितलं, तिला त्या छापलेल्या ओळीमुळे त्रास होऊ नये ही जबाबदारी पूर्णपणे तुमची आहे. इथे माझं मत अगदी पक्कं आहे : शंका असेल तर ती ओळ काढा, प्रकरण थोडं फिकं पडलं तरी चालेल.

सादर करताना

अंतिम प्रतीसोबत वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल लागतो. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे; १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पुढच्या पायऱ्या आहेत. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्यात मोजत नाहीत. मराठी मजकुरातलं साम्य सॉफ्टवेअरला नीट पकडता येत नाही म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. वाचणारा प्राध्यापक त्याच विषयातला असतो.

तोंडी परीक्षेला क्षेत्रकार्याची वही, भरलेली संमतीपत्रं आणि परवानग्यांच्या पोचा सोबत न्या.

पुढे पीएच.डी.चा विचार असेल तर सहाव्या सत्रापर्यंतचे ७५ टक्के तिथेही पुरतात हा गैरसमज दूर करून घ्या. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी. प्रवेशासाठी आठही सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. नेट किंवा जेआरएफ नसेल तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सहाव्या सत्राअखेर ७६ टक्के असलेला विद्यार्थी चौथ्या वर्षात घसरला तर ही दारं बंद होतात. अशा वेळी एक वर्षाच्या एम.ए.ची वाट आहेच.

निकालानंतर पंधरा दिवसांनी एबीसी खातं उघडून प्रकल्पाचे १२ क्रेडिट जमा झालेत का ते बघा. नसतील तर गुणपत्रकाची प्रत जोडून परीक्षा विभागाला लेखी अर्ज द्या, आणि त्याचीही पोच घ्या.