हिरव्या रणगाड्याला उठाव कसा आला

दिवाळीत बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत किल्ला झाला की महाराज सदरेवर, मावळे तटावर आणि पायथ्याच्या वाटेवर हमखास एक हिरवा प्लास्टिकचा रणगाडा असायचा, खडे बाजारातून आणलेला. काळाचा मेळ कुणी बघत नसे. पण चार दिवसांत हळीव उगवून डोंगर हिरवा झाला की तो रणगाडा त्यात हरवून जायचा आणि मला फार वाईट वाटायचं. खरं तर त्याचं कामच ते. सैन्याने हा रंग नजरेत भरू नये म्हणूनच निवडला. मॉडेल रंगवणाऱ्याला मात्र तोच रंग ठेवून रणगाडा नजरेत भरवायचा असतो, आणि या छंदाची सगळी वाटचाल या एका पेचाभोवती फिरते.

रणगाडा जन्मतः हिरवा नव्हता. १९१६ साली ब्रिटिशांचे पहिले मार्क वन रणगाडे आले, तेव्हा सॉलोमन जे. सॉलोमन या नामवंत चित्रकाराने त्यांच्यासाठी अनेक रंगांची नक्षी आखली होती. फ्रान्सच्या चिखलाने ती झाकून टाकली आणि पुढे साधा तपकिरी रंग आला. दुसऱ्या महायुद्धात रशियाचा ४बीओ हिरवा आणि अमेरिकेचा ऑलिव्ह ड्रॅब गाजला. ऑलिव्ह ड्रॅब मुळात काळा आणि पिवडी (रंगाची पिवळी माती) यांचं मिश्रण. घरी काजळी आणि पिवडी कालवून बघा, हिरवट छटा समोर येते. ब्रिटनमध्ये क्रोमियम ऑक्साइड या हिरव्या रंगद्रव्याची टंचाई झाल्यावर हिरवा सोडून तपकिरी धरला गेला. १९४४ मध्ये त्यांनी अमेरिकेसारखाच ऑलिव्ह ड्रॅब घेतला, म्हणजे तिकडून आलेली वाहनं पुन्हा रंगवायला नकोत. रंगाचा निर्णय जितका शत्रूच्या नजरेवर, तितकाच कोठारातल्या मालावर ठरत होता.

पुढे १९६० च्या दशकात एअरफिक्स आणि तामिया या मॉडेल बनवणाऱ्या कंपन्यांचे प्लास्टिक रणगाडे आले. तामियाचं १/३५ हे माप, म्हणजे मूळच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं, निघालं तेच मुळी पँथर या जर्मन रणगाड्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या बसवायच्या म्हणून. डब्यावरच्या सूचनेत रंग एकच आणि तो सगळीकडे फासायचा. अडचण इथेच होती. सहा मीटर लांबीचं धूड सतरा सेंटिमीटरवर आणलं की त्याच्या सांधी-कोपऱ्यांतल्या सावल्याही तितक्याच लहान होतात आणि डोळ्याला जाणवत नाहीत. एकसारखा हिरवा मारलेला रणगाडा साबणाच्या वडीसारखा दिसतो. सावली रंगवावीच लागते.

ही गोष्ट १९७० च्या दशकात अमेरिकेत शेप पेन या मॉडेलकाराने मोनोग्राम कंपनीच्या मॉडेलच्या डब्यांतून दिलेल्या छोट्या पुस्तिकांमधून हजारो मुलांपर्यंत पोचली. नंतर बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी वॉश आणि ड्रायब्रशची जोडी लोकप्रिय केली: पातळ गडद रंग खाचांत सोडायचा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग कडांवरून ओढायचा. मला हे परदेशी पुस्तकातून कळलं नाही. आमच्या गल्लीजवळच्या मूर्तिशाळेत एक मामा गणपतीच्या पितांबराला शेड देताना बघत बसायचो. चुणीच्या खोलात गडद पिवळा, वर आलेल्या भागावर हलका हात. “खोलात काळोख, उंचावर ऊन, एवढंच ध्यानात ठेव,” ते म्हणायचे. पहिला शर्मन, म्हणजे अमेरिकन रणगाडा, मी त्याच हाताने केला.

२००० नंतर स्पेनचे मिग हिमेनेथ, अमेरिकेचे अॅडम वाइल्डर अशा मंडळींनी पुढची पायरी गाठली. फिल्टर म्हणजे हिरव्यावर दुसऱ्याच रंगाचा अगदी पातळ पदर. वडगावच्या विणकराला हे समजावून सांगावं लागणार नाही, धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा नि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो तेच हे. त्याच सुमाराला कलर मॉड्युलेशन आलं. यात प्रत्येक पत्रा वरून उजळ, खालून गडद असा वेगळा रंगवतात. फोटोत ते देखणं दिसतं, पण अती झालं की रणगाडा लोखंडाचा वाटत नाही. माझा जीव अजून वॉशमध्येच आहे.

कारण खरा हिरवा कसा जुना होतो हे आम्ही कॅम्पात रोज बघत आलो. १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे आहे. पायदळाचं गाव, रणगाडे नाहीत, पण ट्रक भरपूर. उन्हाने बॉनेट खडूसारखं फिकं पडतं, दाराच्या मुठीभोवती हात लागून लागून चकाकी येते, आणि खानापूरकडून आलेल्या गाडीच्या मडगार्डखाली लाल चिखल चिकटलेला असतो. अथणीकडून आलेली गाडी काळी माती घेऊन येते. गाडी कुठून आली ते मातीच सांगते.

म्हणून सध्या हातात असलेल्या सेंच्युरियन रणगाड्याला आमची लाल माती चालणार नाही. तो १६ डिसेंबर १९७१ चा आहे, भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटच्या अरुण खेत्रपाल यांनी ज्यावरून झुंज दिली तो ‘फामागुस्ता’. तिथली धूळ नदीकाठच्या मैदानाची, फिकट. परवा मूर्तिशाळेतून मूठभर शाडू मागून आणली, वाळवून वस्त्रगाळ केली आणि त्यात चिमूटभर पिवडी घातली. आधी एका सुट्या चाकावर लावून बघितली. बरोबर बसली.