सीवायपी५१

सीवायपी५१ : कोलेस्टेरॉल घडवण्याच्या साखळीतले एक विकर (एंझाइम). पूर्ण नाव लॅनोस्टेरॉल १४-आल्फा डीमिथिलेझ. सायटोक्रोम पी४५० या अवाढव्य कुळातले हे विकर वनस्पती, बुरशी, पृष्ठवंशी प्राणी आणि काही जीवाणूंतही आढळते. इतका दूरवर पसारा या कुळात दुसऱ्या कोणाचा नाही. मेडिकलमध्ये नायट्यासाठी मिळणारे क्लोट्रिमॅझोलचे मलम बुरशीच्या सीवायपी५१लाच जखडून ठेवते. मग पेशीपटलासाठी लागणारे एर्गोस्टेरॉल बुरशीला बनवता येत नाही. माणसात या विकराचे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे.

साखळीत कोलेस्टेरॉलच्या आधी येणाऱ्या लॅनोस्टेरॉलमध्ये कार्बनचे ३० अणू असतात, कोलेस्टेरॉलमध्ये २७. म्हणजे वाटेत तीन मिथिल गट उतरवावे लागतात. त्यांतला पहिला, १४व्या कार्बनवरचा, सीवायपी५१ काढते. हे काम तीन टप्प्यांत होते, प्रत्येक टप्प्याला ऑक्सिजनचा एक रेणू खर्ची पडतो आणि काढलेला कार्बन फॉर्मिक आम्लाच्या रूपाने बाहेर जातो. उरलेले स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्याच जातीचा रेणू, एरवी पुढच्या विकराच्या हाती जाऊन यथावकाश कोलेस्टेरॉल बनते. यकृतात त्याची कोणी दखलही घेतली नसती. जननग्रंथींत मात्र ते साठलेले सापडले.

स्त्रीच्या अंडपेशी तिच्या जन्माआधीच अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन, सुरू करतात आणि मध्येच थांबतात. काही तर चाळीस वर्षांहून अधिक काळ तशाच थांबून राहतात. अंडमोचनापूर्वी एलएच या संप्रेरकाची लाट आली की विभाजन पुन्हा सुरू होते. थांबलेल्या पेशीला जागे करणारा निरोप्या कोण, हा प्रश्न होता. १९९५ मध्ये कोपनहेगनच्या आना ग्रेटे बिस्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांच्या अंडपुटकातील द्रवातून एक आणि बैलाच्या वृषणातून दुसरे, अशी दोन स्टेरॉले वेगळी केली. पहिले सीवायपी५१चे थेट उत्पादन, दुसरे त्याच्या पुढची पायरी. उंदराची अंडपेशी पुटकाबाहेर काढली की आपण होऊनच विभाजन सुरू करते, म्हणून प्रयोगात ती हायपोझँथिन हे रसायन घालून थोपवलेली होती. द्रवात ही स्टेरॉले मिसळल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ठळक दिसणारे तिचे फुगीर केंद्रक विरून गेले. थोपवलेले विभाजन पुन्हा चालू झाल्याची ती खूण. दोघांचे बारसे झाले : विभाजन चेतवणारी स्टेरॉले, संक्षेपाने एमएएस.

नाव ठेवण्यात घाई झाली, असे आज म्हणावे लागते. स्टेरॉल घातल्यावर पेशी जागी होते खरी, पण सावकाश. एलएचचा निरोप खरोखर याच वाटेने जात असेल तर हा उशीर जुळत नाही. पुढे अंडपेशीला रोखून धरणारी यंत्रणा उलगडली. भोवतालच्या पेशींकडून येणारा सीजीएमपी हा छोटा रेणू अंडपेशीतील सीएएमपी या विभाजन थोपवून धरणाऱ्या रेणूची पातळी टिकवतो, आणि एलएच तो पुरवठा तोडते. या खुलाशाला स्टेरॉलची गरज पडत नाही.

वृषणातली गोष्ट याहून अडचणीची. उंदीरवर्गीय प्राण्यांत हे विकर सर्वाधिक दिसते ते अर्धसूत्री विभाजन पुरे झालेल्या स्पर्मॅटिड पेशींत. जे काम उरकले आहे ते चेतवणार कसे? बैल आणि मेंढ्याच्या शुक्राणूंत ते डोक्यावरच्या टोपीच्या, म्हणजे अ‍ॅक्रोसोमच्या, पटलांवर मिळाले, त्यामुळे फलनाशी संबंध असावा असा तर्क झाला. स्लोव्हेनियातील लुब्लियाना येथील संशोधकांच्या गटाने या विकराचे जनुक उंदराच्या सर्व पेशींतून काढले तेव्हा भ्रूण पंधराव्या दिवसाच्या सुमारास दगावले. फक्त नराच्या जननपेशींतून काढले, आणि २०१३ मध्ये कळवले की ते नर व्यवस्थित पिलांचे बाप होतात. आजूबाजूच्या पेशी स्टेरॉल पुरवत असाव्यात, हे त्यावरचे एक स्पष्टीकरण.

अंडाशयात तर हा शेजारधर्म चांगलाच सिद्ध झाला आहे. उंदराच्या अंडपेशीला स्वतःचे कोलेस्टेरॉल बनवणे फारसे जमत नाही, आणि रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून आणणारे एचडीएल कण पकडणारे एसआर-बी१ हे ग्राही प्रथिनही तिच्याकडे नाही. मग ती जीडीएफ९ आणि बीएमपी१५ ही प्रथिने सोडून भोवती बिलगलेल्या क्युम्युलस पेशींना कामाला लावते. त्यांच्यात सीवायपी५१सह या साखळीतील विकरांची जनुके जोराने चालू होतात आणि तयार माल अंडपेशीला घरपोच मिळतो.