चेतक अडली ती चुंबकापाशी

ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतक स्कूटरचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं, असं बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी जुलै 2025 मध्ये सांगितलं. कारण ना बॅटरीचं होतं, ना चार्जिंगचं. घोडं अडलं होतं मोटरमधल्या चुंबकांपाशी. 4 एप्रिलला चीनने सात रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) धातू आणि त्यांच्यापासून बनणारे चुंबक यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. माल लष्करी कामाला वापरणार नाही, अशी हमी आयातदाराने लिहून द्यायची, तिच्यावर सरकारी शिक्के घ्यायचे आणि मग बीजिंगच्या होकाराची वाट पाहत बसायचं.

निओडिमियम, लोह आणि बोरॉनचा हा चुंबक 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे शोधला. आकाराने लहान, ताकद जबर. पण तापला की ढिला पडतो. घाट चढताना मोटर तर तापणारच. म्हणून त्यात थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. चीनच्या यादीत नेमके हे दोन्ही धातू होते, निओडिमियम नव्हतं. गोम आहे ती इथे.

हे धातू दुर्मिळ म्हणायचे ते नावापुरतेच. कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण कित्येक वर्षं जगाला पुरवठा करत होती. अवघड असतं ते एकमेकांत मिसळलेले धातू वेगळे करणं: आम्लं, द्रावकं, टप्प्यामागून टप्पे आणि शेवटी उरणारा किरणोत्सारी गाळ. ही घाण आपल्या दारात नको, म्हणून श्रीमंत देशांनी हे काम खुशीने चीनकडे जाऊ दिलं. जनरल मोटर्सची चुंबक बनवणारी मॅग्नेक्वेंच ही शाखा 1995 मध्ये चिनी कंपन्यांचा सहभाग असलेल्या गटाला विकली गेली. पुढे तिचे अमेरिकेतले कारखानेही बंद झाले. 2010 मध्ये चीनने जपानचा पुरवठा रोखला, तेव्हा तरी सगळ्यांचे डोळे उघडायला हवे होते.

भारताने सुरुवात लवकर केली होती. इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी 1950 ची, केरळमधला तिचा अलुवाचा कारखाना 1952 चा. रेअर अर्थ मिळतात त्या मोनाझाइट वाळूत थोरियमही असतं. पण लक्ष होतं त्या थोरियमवर, अणुऊर्जेसाठी. चुंबकाचा धंदा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. अलीकडे तर आपण रेअर अर्थ जपानला निर्यातही करत होतो. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने वर्षाला 6,000 टन चुंबकांच्या क्षमतेसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. निओडिमियम आपल्या वाळूत आहे. डिस्प्रोसियम आणि टर्बियम मात्र काढण्याजोगं नाही.