स्टेजिंग यार्डातील रूळमांडणी (मॉडेल रेल्वे)

मॉडेल रेल्वेच्या लेआउटमध्ये नजरेआड ठेवलेल्या, गाड्या उभ्या करण्याच्या समांतर मार्गांना मिळून स्टेजिंग यार्ड म्हणतात. दर्शनी भागात एखादे स्टेशन आणि आसपासचा मुलूख दिसतो. त्यापलीकडच्या साऱ्या जगाची जागा हे यार्ड घेते. नट विंगेत थांबावा तशी गाडी इथे आपल्या वेळेची वाट पाहते. ब्रिटनमध्ये याला फिडल यार्ड म्हणतात. तिथे डबे हाताने उचलून गाडी नव्याने जुळवण्याचीही पद्धत आहे.

यार्ड बहुधा डोंगराखाली, पडद्यामागे किंवा खालच्या मजल्यावर असते. खडी, रंग, देखावा यांपैकी तिथे काहीच लागत नाही. त्यामुळे जुने रूळ आणि झिजलेले सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रुळांचे फाटे) तिथे खपवण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. उघड्यावर घसरलेला डबा बोटांनी उचलून परत रुळावर ठेवता येतो. डोंगराखाली हात पोहोचेपर्यंत सगळी वाहतूक अडून राहते. दर्शनी मार्गापेक्षाही इथले काम काटेकोर हवे.

आखणीत सर्वांत जास्त जागा शिडी खाते. शिडी म्हणजे ज्या तिरप्या मार्गावरून एकेक मार्ग फुटत जातो ती सांध्यांची रांग. एचओ प्रमाणात (१:८७, रुळांतील अंतर १६.५ मिमी) शेजारच्या दोन मार्गांच्या मध्यरेषांत साधारण ५० मिमी अंतर ठेवतात; डबे हाताने उचलायचे असतील तर जास्त. ६ क्रमांकाचा सांधा दर ६ मिमीला १ मिमी बाजूला सरकतो, म्हणून प्रत्येक वाढीव मार्गामागे सुमारे ३०० मिमी लांबी जाते. आठ मार्गांच्या यार्डात शेवटचा मार्ग सुरू होईपर्यंत दोन मीटरांहून अधिक जागा संपलेली असते. शिवाय गाडी उभी करायला उपयोगी लांबी सांध्यापासून मोजायची नसते. शेजारच्या मार्गावरून जाणारी गाडी जिथे घासणार नाही, त्या फाउलिंग मार्कपासून ती मोजावी. दोन्ही टोके उघडी असतील तर दोन्हीकडच्या शिड्या एकमेकींना समांतर ठेवाव्यात. मग सर्व मार्ग सारख्याच लांबीचे मिळतात.

रुळांखालचा प्लायवूड सपाट आणि खालून नीट आधार दिलेला असावा. उभ्या गाड्या आपोआप घरंगळू नयेत म्हणून यार्डाला उतार देत नाहीत. एचओमध्ये लपलेल्या भागासाठी कोड १००चे, म्हणजे ०.१ इंच उंचीचे, दणकट रूळ सोयीचे. बारीक रुळांचे सौंदर्य इथे दिसणारच नसते. रूळ कापल्यावर टोकाची वरची आणि आतली कड कानशीने घासून गुळगुळीत करावी. चाक चढते ते बहुधा इथेच. वळणावर सांधपट्टी (दोन रुळांची टोके जोडणारी धातूची पट्टी) येणार असेल, तर लवचिक रुळांचे दोन तुकडे सरळ असतानाच डाख देऊन जोडावेत आणि मग वाकवावेत, म्हणजे जोडावर कोन पडत नाही. सरळ भागात मात्र काही जोड डाख न देता, किंचित फट ठेवून सोडावेत. हवेतील दमटपणाप्रमाणे लाकूड फुगते-आकसते आणि घट्ट बांधलेला रूळ वाकतो.

विजेसाठी सांधपट्टीवर विसंबू नये. ती कालांतराने सैल होते आणि काळवंडते. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार द्यावी. साध्या डीसी पद्धतीत (रुळांत वीज सोडली की त्यावरचे इंजिन चालू लागते) प्रत्येक मार्गाला वेगळा स्विच लागतो, नाहीतर सगळीच इंजिने एकदम हलतील. गाडी वळसा घालून त्याच मार्गावर उलट दिशेने परतते अशा लूपमध्ये दोन्ही रूळ दोन्ही टोकांना तोडून वेगळे करावे लागतात. तसे न केल्यास शॉर्टसर्किट होते. गाडी कुठे थांबली हे दिसत नसल्याने मार्गाच्या टोकाला इन्फ्रारेड सेन्सर किंवा छोटा कॅमेरा बसवतात.

सांध्यांची मोटर पुढे कधीतरी बदलावी लागते, म्हणून शिडी नेहमी हात पोहोचेल अशा बाजूला घ्यावी. वरचा मजला किंवा डोंगर चढवण्याआधी सर्वांत लांब गाडी प्रत्येक मार्गावर मागे ढकलत सावकाश नेऊन पाहतात. पुढे ओढताना लपणारा दोष ढकलताना उघडा पडतो.