पोटात गोळा, रुळांत गणित

रोलर कोस्टरच्या जाहिरातीत दोन आकडे ठळक टायपात असतात, उंची आणि वेग. हौशी कोस्टरवेड्यांच्या आवडीच्या याद्या मात्र या आकड्यांना फारशी दाद देत नाहीत. हे लोक थोडेथोडके नाहीत. अमेरिकेत १९७८ पासून त्यांची रीतसर संघटना आहे, आणि सगळ्यात भारी कोस्टर कोणता यावर ते तावातावाने भांडत असतात. त्यांच्या याद्यांत पेनसिल्व्हेनियातला फिनिक्स हा लाकडी कोस्टर हमखास वरच्या ओळींत सापडतो. उंची जेमतेम २४ मीटर, वेग ताशी ७२ किलोमीटर. माझ्याही यादीत तोच पहिला. आणि २००५ पासून २०२४ पर्यंत जगातला सर्वात उंच म्हणून मिरवलेला न्यू जर्सीतला १३९ मीटरचा किंगडा का? तो माझ्या यादीत बराच खाली.

हा निव्वळ आवडीनिवडीचा मामला नाही. आपल्या शरीराला वेग कळतच नाही. विमान ताशी नऊशे किलोमीटरने जात असतं आणि आपण आत डुलक्या काढत असतो. शरीराला कळतो तो वेगातला बदल, म्हणजे त्वरण. दिशा बदलणं हाही वेगातलाच बदल. त्यामुळे कोस्टरची मजा वेगमापकावर मोजता येत नाही. ती रूळ किती वाकतो, कुठे वाकतो आणि किती झटकन वाकतो यावर ठरते.

आधी ऊर्जेचा हिशेब उरकून टाकू. साखळी किंवा दोर गाडीला उंचावर नेऊन सोडतो, आणि बहुतेक कोस्टरांत त्यानंतर इंजिन वगैरे काही नसतं. वर साठलेली स्थितिज ऊर्जा उतारावर गतिज होते. ओहायोतल्या सीडर पॉइंट या पार्कमध्ये २००० साली सुरू झालेल्या मिलेनियम फोर्सचा पहिला उतार ९१ मीटरचा आहे. घर्षण आणि हवेचा विरोध शून्य धरला तर पायथ्याशी वेग ताशी सुमारे १५२ किलोमीटर यायला हवा. प्रत्यक्षात तो १५० च्या आसपास भरतो. म्हणजे पहिल्या उतारात जवळजवळ काहीच वाया जात नाही. खरी गळती पुढे होते, म्हणून पुढच्या टेकड्या सहसा बुटक्या होत जातात.

या गणितात गाडीचं वजन दोन्ही बाजूंनी कटतं, हे शाळेत शिकलेलं असतं. तरीही जुने जाणते संध्याकाळच्या भरलेल्या गाडीची वाट बघतात. त्यांचं चुकत नाही. हवेचा विरोध गाडीच्या आकारावर अवलंबून असतो, वजनावर नाही. भरलेल्या गाडीकडे ऊर्जा जास्त आणि हवा खाते मात्र तेवढीच, त्यामुळे ती वेग टिकवून धरते. शिवाय दिवसभर धावून चाकं आणि वंगणही तापलेलं असतं.

किंगडा का मात्र साखळीवर चढत नसे. हायड्रॉलिक यंत्रणा गाडीला साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटरवर नेत असे. १३९ मीटर चढायला, काहीही वाया न जाता, ताशी १८८ किलोमीटर तरी लागतात. मार्जिन किती थोडं आहे ते बघा. वारा उलटा असला किंवा जोर किंचित कमी पडला की गाडी माथ्याच्या अलीकडेच थबके आणि आल्या वाटेने खाली येई. यात धोका नव्हता. खाली चुंबकीय ब्रेक असत. चुंबकासमोरून धातूची पट्टी वेगाने गेली की तिच्यात वीजप्रवाहाचे भोवरे उठतात आणि तेच गतीला विरोध करतात. त्याला बाहेरून वीज लागत नाही, म्हणून वीज गेली तरी ब्रेक लागतोच. कोस्टरवेड्यांच्या दृष्टीने तर अशी माघारी आलेली फेरी म्हणजे लॉटरी, कारण मग पुन्हा एकदा सोडत. पण एवढा खटाटोप कशासाठी, तर सरळ वर आणि सरळ खाली. पुढे एक टेकडी, की संपलं. २०२५ च्या फेब्रुवारीत हा मनोरा सुरुंग लावून पाडला. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण यादीतला त्याचा क्रमांक काही त्याने वर गेला नाही.

आकाराचं महत्त्व सगळ्यात उघड दिसतं ते लूपमध्ये, म्हणजे गाडी उलटी होऊन पूर्ण फेरा मारते त्या रुळाच्या उभ्या कड्यात. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली फ्लिप फ्लॅप नावाचा कोस्टर सुरू झाला. त्यात सुमारे साडेसात मीटर व्यासाचा, अगदी कंपासने काढल्यासारखा गोल लूप होता. प्रवाशांच्या माना दुखावत, आणि तिथे १२ जी इतका जोर बसत असे असं सांगतात. एक जी म्हणजे आपलं नेहमीचं वजन. १२ जी म्हणजे मानेवरचं डोकं बारा पट जड.

गोल लूपमध्ये हे टळतच नाही. समजा माथ्यावर गाडी अगदी कशीबशी रुळाला चिकटून राहील एवढाच वेग ठेवला. तरी लूपच्या उंचीतून मिळणारी ऊर्जा धरून हिशेब केला तर पायथ्याशी सहा जी बसतातच, मग लूप लहान असो की मोठा. सुरक्षिततेसाठी वेग थोडा वाढवला की आकडा आणखी चढतो. दुसरं दुखणं त्याहून वाईट. सपाट रूळ संपून वर्तुळ सुरू होतं त्या बिंदूवर वक्रता एका क्षणात शून्यावरून पूर्ण होते, म्हणजे जोर वाढत जात नाही, तो आदळतो.

१९०१ साली एडविन प्रेस्कॉटने लूप लंबगोल करून पाहिला. त्रास कमी झाला, पण एका वेळी फारच थोडे लोक बसत, धंदा जमला नाही. खरं उत्तर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्होल्यूशन या कोस्टरमध्ये आलं. बांधणारे अँटन श्वार्त्सकॉफ, हिशेब करणारे वेर्नर श्टेंगेल, दोघेही जर्मन. त्यांनी क्लोथॉइड नावाची वक्ररेषा वापरली. हिच्यावर जसजसं पुढे जावं तसतशी वक्रता हळूहळू वाढत जाते. रेल्वे आणि महामार्गांचे अभियंते सरळ रस्ता वळणाला जोडताना ती आधीपासून वापरत होतेच. लूपमध्ये तिने दोन कामं केली. पायथ्याशी, जिथे वेग जास्त, तिथे त्रिज्या मोठी, म्हणून जोर आटोक्यात; माथ्यावर, जिथे वेग कमी, तिथे त्रिज्या लहान, म्हणून गाडी रुळाला धरून राहते. आज कुठल्याही मोठ्या लूपकडे नीट बघा, तो गोल नसतो, खाली फाकलेला आणि वर निमुळता असतो. कोस्टरच्या इतिहासातला सर्वात मोठा माणूस कोण, असं मला विचारलं तर मी डोळे झाकून श्टेंगेलचं नाव घेईन.

एवढं सगळं माहीत असूनही चुका होतात. २०१० मध्ये व्हर्जिनियात इंटिमिडेटर ३०५ सुरू झाला. पहिला उतार ९१ मीटरचा आणि लगेच खाली एक लांबलचक उजवं वळण. तिथे जोर इतका वेळ टिकायचा की रक्त पायांकडे ओढलं जाऊन लोकांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. जोराचा आकडा जितका महत्त्वाचा तितकाच तो किती सेकंद टिकतो हेही. क्षणभराचे पाच जी शरीर सहन करतं, तेच काही सेकंद राहिले की मेंदूला रक्त कमी पडतं. आधी उतारावर ब्रेक लावून वेग घटवला. ते कोणालाच रुचलं नाही. शेवटी त्या वळणाचा रूळच बदलून त्रिज्या वाढवली.

आता फिनिक्सकडे येतो. जोर वाढण्यापेक्षा तो नाहीसा होण्यात जास्त गंमत आहे, असं माझं ठाम मत आहे. टेकडीच्या माथ्यावरून जाताना गाडी खाली वळते, शरीर मात्र जडत्वामुळे सरळ जाऊ बघतं. टेकडीचा आकार फेकलेल्या दगडाच्या वाटेसारखा, म्हणजे परवलयाचा असला तर गाडी आणि प्रवासी एकत्रच पडत असतात आणि सीट आपल्याला ढकलतच नाही. वजन शून्य. एरवी पोटातले अवयव खालच्या आधारावर टेकलेले असतात. तो आधार सुटला की ते किंचित वर येतात, कानातले समतोलाचे कण गोंधळतात आणि पोटात गोळा येतो. याला कोस्टरवेडे एअरटाईम म्हणतात. परवलयाइतकीच टेकडी असली तर तरंगल्यासारखं वाटतं, तो फ्लोटर. परवलयापेक्षा टेकडी टोकदार असली तर गाडी आपल्या पडण्यापेक्षाही लवकर खाली जाते आणि मांडीवरचा बार आपल्याला धरून ओढतो, तो इजेक्टर.

वजन शून्य व्हायला माथ्याची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. ताशी ३६ किलोमीटरने माथा ओलांडायचा तर सुमारे १० मीटर त्रिज्या पुरते. वेग दुप्पट केला तर ४१ मीटर, म्हणजे चौपट. म्हणूनच बुटका, हळू कोस्टर छोट्याशा जागेत टेकडीमागून टेकडी लावू शकतो आणि प्रत्येकीवर तुम्हाला सीटवरून उचलतो. उंच कोस्टरवर तरंगणं जास्त वेळ टिकतं हे मान्य, पण अशा टेकड्या त्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच परवडतात.

अर्थात गाडी रूळ सोडून उडाली तर खेळ खलास. हा प्रश्न जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने सोडवला. १९१९ च्या त्याच्या पेटंटमध्ये रुळाच्या खालच्या बाजूने धावणारी चाकं आहेत. आज प्रत्येक मोठ्या कोस्टरच्या डब्याला तीन तऱ्हेची चाकं असतात, रुळावरची, बाजूची आणि खालची. मिलरच्या आधीचं जग बघायचं असेल तर पेनसिल्व्हेनियातच १९०२ चा लीप द डिप्स आहे, आज टिकून असलेल्यांत सर्वात जुना. त्याला खालची चाकं नाहीतच. म्हणून उंची १२ मीटर आणि वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास. त्याहून जोरात गेला तर डबा उडेल.

फिनिक्स मुळात टेक्ससमधला, १९४७ चा, नाव रॉकेट. तिथलं पार्क बंद पडल्यावर तो पडून होता. १९८५ मध्ये नोबेल्स पार्कने तो फळी फळी सुटी करून, प्रत्येकीला क्रमांक देऊन पेनसिल्व्हेनियात नेला आणि पुन्हा उभा केला. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव त्याला तेव्हा मिळालं. स्टेशनातून सुटलं की आधी काळोखा बोगदा, मग साखळीचा खडखडाट, मग माथा. त्याचं खरं गुपित डब्यात आहे. दोघांच्या मांड्यांवरून एकच आडवा बार जातो आणि तो एका ठरावीक जागीच अडकतो, आवळत नाही. मांडी आणि बार यांत चांगलं वीतभर अंतर राहतं. शेवटी ओळीने येणाऱ्या टेकड्यांवर शरीर ते अंतर खरोखर कापतं: सीट सुटते, बार लागतो, पुन्हा सीट. नव्या कोस्टरांत प्रत्येकाला घट्ट आवळून टाकतात. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच, पण मग तरंगणार कुठून?

माझ्या यादीत दुसरा क्रमांक इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्सच्या नेमेसिसचा, १९९४. तिथे झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच काही बांधायला परवानगी नव्हती. मग काय, वर जाता येत नाही तर खाली जा. खडक फोडून दरी केली आणि रूळ तिच्यात सोडला. जमिनीपासून उंची फक्त १३ मीटर, वेग ताशी ८१. पण सीट रुळाखाली टांगलेल्या, पाय लोंबकळते आणि कातळ जवळून सरकणारा. वेगाचा अंदाज डोळा जवळच्या वस्तू किती झपाट्याने मागे जातात यावरून बांधतो. मोकळ्या आकाशात ताशी दीडशेही संथ वाटतात. झिजलेला रूळ बदलून तो २०२४ मध्ये पुन्हा सुरू केला. वळणं मात्र तीच ठेवली, हे शहाणपणाचं.

तिसरा पुन्हा सीडर पॉइंटचा, २०१८ चा स्टील व्हेंजन्स. आधी तिथे मीन स्ट्रीक नावाचा, हाडं खिळखिळी करणारा लाकडी कोस्टर होता. लाकडी सांगाड्याचा बराच भाग ठेवून त्यावर पोलादी रूळ बसवला. लाकडी फळ्या हव्या तशा पिळता येत नाहीत, पोलाद येतं. पार्क म्हणतं, एका फेरीत २७ सेकंदांहून जास्त एअरटाईम. उंची ६२ मीटर आहे, पण त्याची मजा आहे ती टेकड्यांवर.

राहिला प्रश्न बसायचं कुठे. पहिल्या माथ्यावर पुढचे डबे साखळीने रोखलेले असतात, ते रेंगाळत खाली झुकतात. मागचा डबा माथ्यावर येईतो गाडीचा मोठा भाग उतारावर पोचलेला असतो, म्हणून मागच्यांना हिसका बसतो. पुढच्या टेकड्यांवर पुढचे चढताना उचलले जातात, मागचे उतरताना. मधला डबा माथा ओलांडतो तेव्हा गाडी सर्वात मंद असते. भीती वाटत असेल तर मध्ये बसावं.

मागच्या सीटच्या बाजूने एक वैद्यकीय पुरावाही आहे. डेव्हिड वार्टिंगर या मूत्ररोगतज्ज्ञाच्या रुग्णांनी त्याला सांगितलं होतं की, डिस्नेच्या बिग थंडर माउंटनवर बसल्यावर मूतखडे पडले. त्याने मूत्रपिंडाची प्रतिकृती बनवली, तिच्यात खडे ठेवले आणि ती पाठपिशवीत घालून त्या कोस्टरच्या फेऱ्या मारल्या. २०१६ च्या निष्कर्षांत पुढच्या सीटवर सुमारे १७ टक्के खडे सुटले, मागच्या सीटवर ६४ टक्के. २०१८ मध्ये त्याला या कामासाठी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार. त्या कोस्टरमध्ये लूप नाही आणि तो फार उंचही नाही, आहेत ती आडवी वळणं आणि धक्के.