हळदीला लिंबू कळत नाही

शर्टावर आमटी सांडली आणि डागावर साबण घासला की डाग लाल होतो, भरपूर पाण्यात खळबळला की पुन्हा पिवळा. साबण आम्लारीधर्मी, आणि हळदीतलं कर्क्युमिन हा दर्शक, म्हणजे रंग पालटून आम्ल-आम्लारी ओळखवणारा पदार्थ. आम्ल-आम्लारीचा तास या डागापासून सुरू करावा, कारण तो प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो.

पण इथेच एक चूक हमखास होते. हळदीच्या पट्टीवर लिंबू पिळलं की पट्टी पिवळीच राहते आणि मुलं वहीत लिहितात, ‘पिवळा म्हणजे आम्ल’. साधं पाणी टाकलं तरी ती पिवळीच राहते! हळद रंग पालटू लागते ती सामू (pH: 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी) साधारण 7.5 च्या पुढे गेल्यावर. त्याखाली 7 असो की 2, तिला फरक कळत नाही. म्हणून पाण्याचा थेंब आणि जोडीला जास्वंदीचा अर्क, दोन्ही हवेतच. जास्वंद आम्लात गुलाबी-लाल, आम्लारीत हिरवट होते. पाच-सहा फुलांच्या पाकळ्या 100 मिली गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळा. अर्क टिकत नाही, रोज ताजा करा. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, तेव्हा एक चमचा हळद 20 मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये घोळून गाळा, त्यात गाळणकागद बुडवा आणि सावलीत वाळवा. जवळ बर्नर पेटलेला नको.

रंगावरून बाजू कळते, किती ते सामू सांगतो. 1909 मध्ये डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हे माप मांडलं. त्यातली एक पायरी म्हणजे दहापट. खाण्याच्या सोड्याचं द्रावण 8.3 च्या आसपास, धुण्याच्या सोड्याचं 11 च्या. मुलांना हा फरक पावणेतीनचा वाटतो, प्रत्यक्षात हायड्रॉक्साइड आयन सुमारे पाचशेपट असतात. सोलापुरात याचा दाखला टॉवेल-चादरींच्या रंगकामात आहे. रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा रंग) सुतावर पक्का बसायला सुतातल्या सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल (OH) गटांनी प्रोटॉन सोडावा लागतो, म्हणून टाकीत सोडा ॲश, म्हणजे धुण्याचाच सोडा, घालून सामू 11 च्या जवळ नेतात. थंड टाकीत खाण्याच्या सोड्यावर ते भागत नाही.

दहापटीचा प्रयोग मात्र लिंबावर करू नका. 10 मिली रसात 90 मिली पाणी घातलं की सामू एकने वाढेल असं फळ्यावर लिहिलेलं असतं, आणि वाढतो जेमतेम अर्ध्याने. सायट्रिक आम्ल सौम्य आहे. पाणी वाढलं की त्याचे आणखी रेणू विघटित होतात आणि हायड्रोजन आयनांची तूट काही अंशी भरून निघते. त्यात बोअरचं जड पाणी वापरलं तर गोंधळ वाढतो: त्यातली बायकार्बोनेटं आम्ल खाऊन टाकतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच सामू एकदम उडी मारतो. शिक्षकांनी 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार ठेवावं (आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही) आणि डिस्टिल्ड पाण्याने दर वेळी दहापट पातळ करत जावं, सामू येतो 1, 2, 3, 4. पुढे जाऊ नये. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून डिस्टिल्ड पाणीच साडेपाच-सहाच्या आसपास असतं, त्यामुळे पाचनंतरचे आकडे फसवतात.

सगळ्यात जास्त वेळ मातीला द्यावा. 20 ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती, 50 मिली डिस्टिल्ड पाणी. अर्धा तास अधूनमधून ढवळून मग गाळायचं. काळी माती लवकर खाली बसत नाही, आणि गढूळ पाण्यात सामूपट्टीचा रंगच दिसत नाही. इथल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा 7.5 ते 8.5 भरतो. हळदीची पट्टी या टप्प्यात धड पिवळी नाही, धड लाल नाही, म्हणून इथे सामूपट्टीच घ्यावी. मातीतल्या चुनखडीच्या खड्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले की बुडबुडे येतात: सामू चढा का, ते तिथेच दिसतं. मग मुलांना घरच्या डाळिंबाची पानं आणायला सांगा. अशा जमिनीत लोह असूनही ते मुळांना विरघळलेल्या रूपात मिळत नाही. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.